तोंड मिटलेली गाडी

हिमायतनगरच्या पंपावर पाच गाड्यांची रांग होती. मी म्हटलं, "राहू दे, इस्लापूरला भरू." एवढाच माझा निर्णय. (घरात माझ्या वाट्याला निर्णय वर्षातून दोनदा येतो, त्यामुळे एकदा घेतला की मी तो सोडत नाही.)

मी पंचाक्षरी, लातूरला एका सरकारी ऑफिसात कारकून. बायको शिवकांता शाळेत शिक्षिका. आठ दिवसांपूर्वी हैदराबादच्या एका गृहस्थाकडून जुनी गाडी घेतली आणि तिच्या बहिणीला दाखवायला इस्लापूरला निघालो. वाटेत समोर एक पिवळा दिवा लागला.

"हा कशाचा?" तिनं विचारलं.

"धुक्याचा," मी म्हणालो. बाहेर फाल्गुनातलं ऊन रणरणत होतं. तिनं पदरानं घाम पुसला.

ठीक बाराच्या ठोक्याला, सागाच्या रानात, गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली.

खाली उतरलो. पाखराचा आवाज नाही, मोबाईलला रेंज नाही. सागाची पापडाएवढी वाळकी पानं एकेक करून गळत होती. एक पान पडलं, की कुणीतरी एक पाऊल टाकल्यासारखं वाटायचं. मग थांबायचं. मग आणखी एक पाऊल, जरा जवळ. मी तीनदा मागं वळून पाहिलं. कुणी नाही. चौथ्यांदा वळलो, तर अगदी पाठीशी एक म्हातारी उभी!

मी आधी तिचे पाय पाहिले. (सरळ होते. तरी दोनदा पाहिले.)

"काय हुडकून राहिले साहेब?"

पंचफुलाबाई तिचं नाव. मोहाची फुलं वेचत होती. पेट्रोल संपल्याचं ऐकून ती आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीवर, गेली आणि भावाच्या, सटवाजीच्या, फटफटीसाठी ठेवलेली बाटली घेऊन आली. त्या रानात तेवढंच पेट्रोल असावं, असं मला वाटलं.

मी ऐटीत टाकीचं बाहेरचं दार उघडलं आणि झाकण फिरवायला हात घातला. झाकणच नव्हतं! माझ्या स्कूटरला आहे, ऑफिसच्या जीपला आहे; इथं नुसतं काळं भोक, आणि आत पापणी मिटावी तसा मिटलेला काळा पडदा. मी बाटली ओतली. पेट्रोल पडद्यावरून परत फिरलं आणि माझ्या पँटवर आलं. बोटानं ढकललं, पडदा हलेना. किल्लीनं डिवचलं, तर आतून "सुस्सऽऽ" असा लांबलचक श्वास माझ्या मनगटावर आला. मग "टक्". जणू दात मिटले.

मी दोन पावलं मागं सरलो.

पंचफुलाबाई वाकून बघत म्हणाली, "तोंड मिटून घेतलंय हिनं." मग आवाज खाली आणून, "मागं बी एक गाडी इथंच अडली व्हती. इथली आई लई कडक. खोट्या माणसाच्या हातचं काई घेत न्हाई. त्यानं खरं सांगितलं, तवा हालली."

"मी आत काही मिळतं का बघते," असं म्हणून शिवकांता गाडीत शिरली. तेच बरं झालं. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, शिव शिव म्हटलं आणि भोकाशी तोंड नेलं.

"आई, तो दिवा धुक्याचा नव्हता, पेट्रोलचा होता."

थोडं ओतलं. परत आलं.

"श्रावणी सोमवारी औशाच्या बसस्टँडवर मी भजी खाल्ली. दोन प्लेट."

पुन्हा किल्लीनं चाचपलं. आतून पुन्हा "सुस्सऽऽ". (तीन प्लेट होत्या. आईला कळलं होतं.) मी आकडा दुरुस्त केला. तरी घेईना.

"सासूबाई उदगीरहून महिनाभर आल्या, तेव्हा नांदेडला ऑडिट नव्हतं. मी माझ्या मित्राकडं, अमरनाथकडं, पत्ते खेळत होतो."

पाठीमागं एक पान पडलं. मी वळलो नाही. बाटली अर्ध्यावर आली होती, आणि आता माझ्या पोटात एकच गोष्ट उरली होती.

"शिवकांताची मोरपंखी साडी मी जाळली, आई. गरम इस्त्री मी तिच्यावर विसरलो. नाव चंद्रप्पा इस्त्रीवाल्याचं सांगितलं. शिवकांतानं त्याचं काम बंद केलं. तीन वर्षं झाली, तो आमच्या दारावरून मान खाली घालून जातो." हे सांगताना माझा आवाज खरंच फाटला.

तेवढ्यात खांद्यावर एक गार हात पडला.

मी असा ओरडलो की झाडावरची वानरं पळाली. हात शिवकांताचा होता. दुसऱ्या हातात एक काळं नरसाळं आणि काखेत गाडीचं पुस्तक.

"सरका," ती म्हणाली.

तिनं नरसाळं आत घातलं. टक्. पडदा निमूटपणे आत झुकला. बाटलीतलं उरलेलं पेट्रोल गाडी घटाघटा प्यायली.

"हिला झाकण नसतंच," ती वर्गात सांगतात तसं सांगू लागली. "आत दोन बाजूंना दोन खिट्ट्या असतात. पंपाच्या नळीएवढं जाड काही आत गेलं, की दोन्ही एकदम दबतात आणि पडदा उघडतो. किल्लीनं एकच दबते. नळी काढली की पडदा आपोआप मिटतो. बाटलीनं भरायला हे नरसाळं देतात, स्टेपनीपाशी होतं. पुस्तकात चित्र आहे."

"आणि तो श्वास?"

"उन्हानं टाकीत वाफ कोंडते. पडदा जरा हलला की सुटते."

"मग हाक मारायची ना! कधी सापडलं हे?"

"भज्यांच्या वेळी."

मी रस्त्याकडं पाहिलं. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता.

"उद्या सकाळी चंद्रप्पाकडं जायचं," ती हळू म्हणाली. "मी पण येते. पण बोलायचं तुम्ही."

मी मान हलवली. पंचफुलाबाईनं रिकामी बाटली उन्हात धरून पाहिली. "एवढ्यात इस्लापूर गाठाल का साहेब? निम्मं तर भुईनंच प्यालं. आखाड्यावर आनखी एक बाटली निघंल बहुतेक. बघून येऊ का?"

मी हो म्हणणार, तोच शिवकांतानं झाडाच्या सावलीत बैठक मारली.

"या बघून, बाई. पण सावकाश या," ती म्हणाली. "यांचं ऑफिसचं सांगायचं अजून राहिलंय."