तीन दिवस टिकणारा केक

घरी आलेल्या पाहुण्याला लोक लग्नाचा अल्बम दाखवतात, नाहीतर मुलाला मिळालेला कप दाखवतात. आमचे शेजारी टेंभरेकाका बुरशी दाखवतात.

त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत दोन बशा कायम मांडलेल्या असतात. एकीत दुकानातल्या पाकीटबंद केकचा तुकडा, दुसरीत काकांनी स्वतः घरी केलेल्या केकचा. मागे एक पाटी, तिच्यावर खडूनं तारीख. दुकानातला तुकडा महिना उलटला तरी जसाच्या तसा असतो. काकांच्या तुकड्यावर चौथ्या दिवशी हिरवट-पांढरी लव उगवते. ती उगवली की काकांचा चेहरा फुलतो, आणि दारात येईल त्याला ते दंडाला धरून खिडकीशी नेतात.

"पाहा जी! याले बुरसी आली. म्हंजे हा जिता हाय. अन तो पाहा, मयना झाला, मुंगी फिरकून नाई राहिली त्याच्याकडं. जे सडत नाई, ते पोटात कसं जिरन?"

हे वाक्य मी गेल्या पाच वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे, की वर्गात मुलांना पोषणाचा धडा शिकवताना एकदा माझ्याही तोंडून ते तसंच्या तसं बाहेर पडलं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. काका आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. एका राईस मिलमध्ये त्यांनी आयुष्य वजनकाट्यावर काढलं. धानाचं पोतं आलं की त्यातला एक दाणा दाताखाली फोडायचा आणि ओल किती आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी 'ओला हाय' म्हटलं की भलाभला शेतकरी पोतं परत उन्हात टाकायचा. निवृत्त झाल्यावर दाणे संपले, पण संशय शिल्लक राहिला. तो सगळा संशय आता पाकिटांवर निघतो.

मिलमधलं दाणे पाहायचं भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. चौकातल्या राजूभाईच्या किराणा दुकानात शिरले की ते वस्तू पुढून पाहतच नाहीत. पुडा उचलायचा, उलटा करायचा, भिंग लावायचं आणि बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायची. दुकानात उभी असलेली बाई हातातला पुडा हळूच परत ठेवते. राजूभाई मूळचा गोंदिया शहराचा, हिंदीच बोलणारा; तो हात जोडतो.

"काका, आप घर ले जाके पढ़ो ना. आपकी आवाज से गिराइक भागता है."

"काऊन? लिवलं कंपनीनं, वाचलं मी. यात माजी काय चूक?"

केकच्या तयार पिठाच्या पुड्यांवर त्यांचा विशेष राग. आमच्या लेकाच्या वाढदिवसाला बायकोनं तसल्या पुड्यातूनच केक केला होता. गुलाबी रंगाचा, वर साखरेच्या गोळ्या, अगदी चित्रातल्यासारखा. काका आले, लेकाला आशीर्वाद दिला, पुस्तक दिलं, आणि विचारलं, "पुडा कोठी हाय?" बायकोनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचं सांगितलं. काकांनी तो तिथून काढला. पंधरा-वीस पोरं ताटल्या घेऊन बसलेली, आणि त्यांच्यापुढे काकांचं वाचन सुरू झालं. रंगापाशी आल्यावर ते थबकले.

"याचं नाव नाई लिवलं. नंबर लिवला. आता सांगा गुरुजी, तुमच्या दारात मानूस आला, अन नाव नाई सांगत, नुसता नंबर सांगते. त्याले घरात घ्यान का?"

पोरं चावायची थांबली. माझी बायको चहा करायला म्हणून आत गेली ती काका जाईपर्यंत बाहेर आली नाही. शेवटी एका धीट मुलीनं तोच नंबरवाला केक आणखी मागितला आणि वाढदिवस पुढे सरकला.

काकांचा स्वतःचा केक म्हणजे दोन दिवसांचं काम. तो त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा केक. काकू शिवणक्लासला जात तेव्हा तिथल्या बाईंकडून शिकल्या होत्या. ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाळू तापवायची, तिच्यावर डबा ठेवायचा, झाकणावर निखारे. मैद्यात एक मूठ तांदळाचं पीठ. आठवडाभर साय धरून काढलेलं लोणी. आणि मनुका महाग म्हणून काकूंनी स्वतःच्या डोक्यानं काढलेली युक्ती: वाळलेली मोहफुलं तुपात परतून. मोहाचं नाव काढलं की लोक डोळे मिचकावतात. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा बायकोनं पहिला तुकडा हातात घेऊन मला हळूच विचारलं होतं, "चढणार तर नाही ना?" चढला नाही. पण खरं सांगतो, असा केक मी दुसरीकडे कुठंच खाल्लेला नाही.

काकू पाच वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी कल्पना, एकुलती एक, पुण्याला नोकरीला. तेव्हापासून काका दर पंधरा दिवसांनी तो केक करतात. अंडीसुद्धा काट्यावर ठेवून घेतात. मग सारख्या वजनाचे तुकडे करून गल्लीतल्या प्रत्येक घरी जातात आणि बजावतात, "आजच खा जी. उद्याले ठेवान, तं माजं नाव नका घेऊ." एवढ्यावर थांबत नाहीत. संध्याकाळी प्रत्येक घरी परत येतात, खाल्ला का ते विचारायला. आम्ही त्याला 'दुसरी फेरी' म्हणायचो आणि हसायचो. एका केकच्या निमित्तानं माणूस प्रत्येक घरी दोनदा टेकतो, एवढं साधं गणित शिक्षक असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काकांकडे फ्रिज नाही. कल्पनानं घेऊन द्यायची तयारी दाखवली होती, पण यांनी ऐकलं नाही. "फ्रिज म्हंजे सडनं पुढं ढकलनं. आज ना उद्या सडनच, मंग कायले लपवता?"

या ऑगस्टमध्ये कल्पनाचा फोन आला की स्वतःच्या वाढदिवसाला घरी येते. तीन वर्षांनी. काका फोन ठेवून थेट आमच्याकडे आले आणि चप्पल न काढता आत शिरले, हे त्यांच्याकडून कधी घडत नाही. "पोरगी येऊन राहिली, गुरुजी! सनवारी सकारी!"

मग सुरू झाली तयारी. दूधवाल्याकडून जास्तीचं दूध, त्याची साय. मोहफुलं संपत आली होती, ती सालेकसा भागातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवली. अंडी गावठी, तीही त्याच दिवशीची हवीत म्हणून काका स्वतः जाऊन कोंबडीपाशी बसून आले असतील, असा माझा अंदाज आहे. शुक्रवारी दिवसभर त्यांच्या अंगणातून तुपात परतलेल्या मोहाचा वास येत होता. संध्याकाळी मला बोलावून झाकण उघडून दाखवलं. केक काकूंच्या केकसारखाच झाला होता, मधोमध हलकीशी चीर पडलेला. यावेळी तुकडे केले नाहीत, गल्लीत फेरीही नाही. केक अख्खा जाळीच्या कपाटात गेला.

शनिवारी सकाळी फोन आला. ऑफिसात काही तरी अडलं, उद्या येते. दमट हवा होती, भिंतींना पाझर फुटलेला. मी म्हटलं, "काका, केक आमच्या फ्रिजमध्ये ठेवा. कोणाला सांगत नाही."

मी हे हसत म्हटलं, हीच माझी चूक. काका ताठ झाले. "फ्रिजमदी ठेवला, तं मंग त्या पुड्यात अन माज्या केकात फरक काय रायला?"

रविवारी पुन्हा फोन. उद्या नक्की. त्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले. काखेत फडक्यानं झाकलेला डबा होता. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत, फ्रिजपर्यंत जाऊन आली.

"उद्या पानी येईन का, गुरुजी?"

"येईल बहुतेक."

"हो. येईनच." ते डबा तसाच काखेत धरून परत गेले.

मला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण पाच वर्षांची व्याख्यानं ऐकलेला माणूस मी, म्हटलं, एकदा स्वतःच्या तोंडानं मागू दे की! तेवढ्या क्षुल्लक गमतीसाठी मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

सोमवारी सकाळी कल्पना आली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. प्रवासानं डोळे ओढलेले, पण हसरी पोर. दुपारी आम्हा दोघांना केक कापायला बोलावलं. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी जाळीचं कपाट उघडलं, डबा पाटावर ठेवला, फडकं काढलं.

केकवर लव उगवली होती. मधल्या चिरेतून सुरू होऊन पार कडेपर्यंत.

मी वाट पाहत होतो. आता म्हणतील, पाहा जी, जिता हाय. एवढी छान उगवलेली बुरशी त्यांच्या खिडकीतसुद्धा कधी आली नव्हती. पण काका केकवर वाकले. नखानं एका कडेची लव खरवडून पाहिली. खाली चांगला भाग आहे का, असं शोधत होते बहुतेक. मग फडकं परत टाकलं, डबा उचलला आणि मागच्या दारी पेरूच्या झाडाखाली नेऊन रिकामा केला.

ते परत आले तेव्हा कल्पनाचे डोळे भरले होते. "बाबा, माझ्यामुळं..."

"तुज्यामुरं काऊन? हवा दमट हाय." ते हात धूत म्हणाले. "आता नवीन कराले लोनी नाई."

"तुम्ही दमू नका ना. मी आणलंय." तिनं बॅगेतून पुडा काढला. केकच्या तयार पिठाचा. वर चकचकीत चित्र. "तुम्हाला त्रास नको म्हणून घेतलं होतं. चालेल का?"

माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. काकांनी पुडा घेतला. सवयीनं उलटा केला. हात खिशाकडे गेला, भिंगावर टेकला आणि तसाच परत आला. त्यांनी पुडा पोरीच्या हाती दिला.

"वारू मी तापवतो," ते म्हणाले आणि गंजात वाळू ओतली.

कल्पनानं मागची बाजू वाचली नाही. पीठ ओतलं, दूध नजरेनंच घातलं, आणि कालवताना पदर नसूनही काकूंसारखा पदर खोचायला हात कमरेला नेला. काका गंजापाशी बसून तिच्याकडे पाहत होते. काटा फळीवर होता, तो त्यांनी खाली काढलासुद्धा नाही. उरलेली मोहफुलं तेवढी पुढे केली. "हे टाक. तुजी माय टाके."

केक झाला. रंग भडक, वास राजूभाईच्या अगरबत्तीसारखा. काकांनी दोन तुकडे खाल्ले.

"कसा झालाय, बाबा?"

"पोरीच्या हातचा हाय," ते म्हणाले, आणि तिसरा तुकडा घेतला.

मंगळवारी दुपारी ती गेली. त्यानंतर महिनाभर गल्लीत केक आला नाही, दुसरी फेरीही झाली नाही. खिडकीतल्या बशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. संध्याकाळी कोणी दार वाजवत नाही, याची मला सवय होत नव्हती.

मग एक दिवस मी साखर आणायला राजूभाईकडे गेलो, तर काका आधीच तिथं उभे. हातात केकच्या पिठाचा पुडा, उलटा धरलेला. डोळ्याला भिंग. राजूभाईनं माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. आम्ही दोघं वाचन सुरू व्हायची वाट पाहू लागलो.

पण काका घटक वाचत नव्हते. भिंग खालच्या कोपऱ्यात, तारखेवर होतं.

"राजूभाई, हा पुढच्या मे मयन्यापर्यंतच हाय. याच्याहून जास्त दिवस टिकन, असा नाई का?"

राजूभाई मोठ्यानं हसला. त्याला ती थट्टा वाटली. मलाही क्षणभर वाटली.

"काका, आप? आप पूछ रहे हो ये?"

काकांनी भिंग खाली केलं. ते राजूभाईकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलले.

"माजा केक तीनच दिवस थांबते, गुरुजी. पोरगी कवा येईन, सांगता येत नाई."

राजूभाईचं हसू विरलं. तो स्टुलावर चढला आणि फळीवरच्या मागच्या रांगेतले पुडे एकेक उलटे करून तारखा पाहू लागला. मी साखरेची पिशवी खाली ठेवली आणि खालच्या फळीवरचा एक पुडा उलटा केला. अक्षरं फार बारीक होती. काकांनी न मागता भिंग माझ्या हातात दिलं.