गजभियेबाईंची कोरडी खोली

गजभियेबाई दार उघडतात ते अर्धंच. मग आलेल्या बाईच्या पदराचं टोक चिमटीत धरून बघतात. कोरडा निघाला तरच आत. मी एकदा भांडी अर्धवट टाकून तशीच गेले, तर पायरीवरच अडवलं. "वहिनी, हात ओले दिसून राहिले तुमचे. ओल घेऊन आल्या काहून?"

जवाहरनगरच्या क्वार्टरात आमची भिंतीला भिंत. बाई फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स, एकट्याच राहतात, आणि नाद फुलं सुकवायचा. मागच्या खोलीत दोरीवर शेवंतीचे झुबके उलटे टांगलेले, बिस्किटाच्या डब्यांत चाळलेल्या रेतीखाली गुलाब पुरलेले. वाळले की धानाच्या लोंब्यांसोबत फुलदाणीत रचायचे. खिडकी बारा महिने बंद. ओलीचा संशय साऱ्या जगावर, पण पहिला माझ्या कुकरवर. "पाच शिट्ट्या झाल्या आज. वाफ इकडंच येते, मले समजते." आता मी काय डाळ कच्चीच वाढू?

तर यंदा आमच्या अंगणातले गुलाब गायब व्हायला लागले. आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरलेले, म्हणजे क्वार्टर सोडायचं. अठरा वर्षं वाढवलेलं झाड जाईपर्यंत तरी डोळे भरून बघावं म्हटलं, तर ही चोरी! माझा संशय फिरायला जाणाऱ्या बायांवर. पूजेची फुलं पहाटेच चोरतात, हे का कुणी सांगायला पाहिजे? आठ दिवस पाचला उठून दाराआड बसले. समोरच्या पाटीलबाईंना तर तोंडावर विचारलं. त्या अजून बोलत नाहीत. फुलं मात्र जातच राहिली.

रविवारी दहाच्या सुमारास डाळ चढवून सहज बाहेर आले, तर कुंपणातून कात्री आत! कात्रीमागे गजभियेबाई.

"बापा! तुम्ही?"

"मग का पहाटे कापू? दव सुकल्यावरच कापा लागते, नाही तर फूल काळं पडते." वर मलाच विचारतात, "तुम्ही कायले पाचपासून बसून राहत होत्या?"

माझं डोकंच फिरलं. पदर-बिदर न दाखवता तडक त्यांच्या मागच्या खोलीत घुसले. दोरीवरच्या प्रत्येक झुबक्याला चिठ्ठी बांधलेली. नायरबाईंची शेवंती. मिश्राजींचा झेंडू. सगळे आमच्याच लाइनीतले, रिटायर होऊन क्वार्टर सोडून गेलेले. आणि खाली नवा डबा, त्यावर माझं नाव.

माझा आवाजच उतरला. "अहो, मागितली असती तर दिली नसती का मी?"

बाई रेतीकडे बघत म्हणाल्या, "मागाले आली असती, तर बोला लागलं असतं ना, का तुम्ही जाऊन राहिल्या म्हणून."

माझे डोळे भरून आले. बाईंनी झटकन डब्याचं झाकण लावलं.

"रडाचं असन तर बाहेर जा, वहिनी. इथं ओल नाही पाहिजे मले."

आणि माझ्याआधी त्याच बाहेर गेल्या.