सहा बुधवारांची दाढ

हिशेबाने पाहिलं तर डॉक्टरांना यात मिळण्यासारखं पुष्कळ होतं. वय चव्वेचाळीस, दातांचा दवाखाना स्वतःचा, वरच्या मजल्यावर राहायला तीन खोल्या आणि त्या तीन खोल्यांत बोलायला एक थोरली बहीण, ताई. ती दिवसभर खाली काउंटरवर बसून पेशंटांशी इतकं बोलायची, की जेवताना तिच्याकडे "मीठ सरकव" एवढेच दोन शब्द शिल्लक असायचे. बाई घरात आल्या असत्या तर जेवणाला गप्पा मिळाल्या असत्या, गॅलरीतल्या दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी हलली असती, आणि रविवार नावाचा वार डॉक्टरांना पुन्हा आवडायला लागला असता. घालवण्यासारखं काहीच नव्हतं. निदान डॉक्टरांचा तसा समज होता.

बाई म्हणजे समोरच्या तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई. अडतीस वर्षांच्या, एकट्या, उन्हाने रापलेल्या. रडणाऱ्या पोराला बखोटीला धरून खोल पाण्यात सोडताना त्यांची पापणीही लवत नसे. पण उजवीकडची वरची दाढ किडली आणि त्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा खुर्चीचे स्क्रू वाजावेत अशा थरथरत होत्या. तपासायला डॉक्टर वाकले. बाईंच्या ओल्या केसांना तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास होता. डॉक्टरांनी दाढ पाहिली, मग बाईंना पाहिलं, मग दाढ पुन्हा पाहावी लागली, कारण पहिल्यांदा काय पाहिलं ते आठवेना.

त्या दिवसापासून दवाखान्याची फरशी ब्लीचिंग पावडरने धुतली, की डॉक्टरांच्या छातीत हलकंसं काहीतरी व्हायचं. आठवड्यातून एकदा धुतली जाणारी फरशी रोज धुतली जाऊ लागली.

अडचण होती ती त्यांच्या धंद्यात. वीस वर्षं ज्याच्या तोंडाकडे लोकांनी आ वासून आणि जीव मुठीत धरून पाहिलं, त्याच्या प्रेमात कोण पडणार? दोन वर्षांपूर्वी एक स्थळ जवळजवळ जमलं होतं. पण त्या मुलीची अक्कलदाढ डॉक्टरांनीच काढलेली. "माणूस चांगला आहे हो," ती ताईला म्हणाली होती, "पण हसला की माझा जबडा दुखायला लागतो."

अशात डॉक्टरांच्या कानावर एका मेंदूतज्ज्ञाचं व्याख्यान पडलं. तज्ज्ञांचं म्हणणं असं, की एखाद्या माणसाची ओढ वाटते त्यात बराचसा वाटा शिकण्याचा असतो. सुखाच्या क्षणी जो चेहरा, जो आवाज, जो वास समोर असेल, त्याची मेंदू डोपामिन नावाच्या रसायनाच्या साक्षीने नोंद करून ठेवतो. पुढे नुसता तो चेहरा दिसला तरी मन तिकडे धावतं. आणि दुःखाचंही तसंच.

डॉक्टर घरी आले ते मांडामांड करतच. दुःख दुसऱ्याच्या नावावर टाकायचं आणि सुख आपल्या. इतकं सोपं होतं!

दर बुधवारी त्यांच्या दवाखान्यात एक पाहुणे डॉक्टर यायचे. दाढेच्या मुळात शिरून नस साफ करण्यात तरबेज. पण पंजे एवढे मोठे आणि चाल अशी धसमुसळी, की पेशंटांनी त्यांचं नाव हातोडी ठेवलं होतं. चाळिशीचे, अविवाहित, अबोल.

"बाईंची दाढ हातोडीकडे दे," डॉक्टर ताईला म्हणाले.

"का? तुझा हात हलका आहे त्यांच्यापेक्षा."

"हलका असला तरी सुई माझ्याच हातात दिसणार ना! सुई त्यांनी टोचायची, यंत्र त्यांनी चालवायचं. सगळं बधिर झालं, दुखणं थांबलं, की मी आत जायचं. हळू आवाजात बासरी लावायची, गुलाबपाण्याचा रुमाल द्यायचा, वरचं तात्पुरतं सिमेंट भरायचं आणि गोड बोलायचं."

ताईने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. "तुला लग्न करायचंय की कुत्रा पाळायचाय?"

हातोडींना मात्र डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. "पेशंटशी बोलायचं नाही. हसायचं नाही. खाली मान घालून काम."

"मी एरवी तरी कुठे बोलतो?" हातोडी म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

पहिले तीन बुधवार योजनेबरहुकूम पार पडले. सुई, घरघर, बाईंचं डोळे घट्ट मिटून घामाघूम होणं. मग हातोडी बाहेर, बासरी आत, गुलाबपाणी आत, डॉक्टर आत. डॉक्टर आले की बाईंचे खांदे सैल पडायचे. दुसऱ्या बुधवारी त्यांनी जांभई दिली. तिसऱ्या बुधवारी बासरीचा पहिला सूर लागला आणि बाई चक्क घोरल्या.

"विश्वास बसलाय!" डॉक्टर वर जाऊन म्हणाले.

"झोप लागलीय," ताई म्हणाली. "मीठ सरकव."

चौथ्या बुधवारी दाढ पूर्ण व्हायची. पण धडा अजून कच्चा आहे असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, भुवया आक्रसल्या आणि मुळाशी थोडी सूज आहे, अजून दोन खेपा लागतील, असं सांगितलं. एक्स-रेमध्ये सूज नव्हती. वीस वर्षांत डॉक्टरांनी पेशंटशी असा खोटेपणा कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा हात धुतले, तरी वाटायचं ते वाटतच राहिलं. "फक्त दोन बुधवार," ते स्वतःला म्हणाले.

पाचव्या बुधवारी यंत्र सुरू झालं आणि घाबरलेल्या बाईंनी हवेत हात फेकला. तो हातोडींच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला. हातोडींना बोलायची मनाई, हसायचीही मनाई. मनगट काढून घेऊ नये एवढंच त्यांना सुचलं. एका हाताने जमेल तेवढं काम करत ते पाऊण तास तसेच उभे राहिले. डॉक्टर दाराच्या काचेतून पाहत होते. बाईंचा चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, गळ्याची शीर उडताना लांबून दिसत होती.

"बघ," ते ताईच्या कानाशी कुजबुजले, "भीती कशी सगळी तिकडे जमा होतेय!"

ताईने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "भीती वाटली की माणूस अंगठ्याने समोरच्याचं मनगट कुरवाळतो का रे?" तिने विचारलं.

"प्रतिक्षिप्त क्रिया आहे ती," डॉक्टर म्हणाले आणि बासरी शोधायला गेले.

सहाव्या बुधवारी त्यांनी नवा शर्ट घातला. दाढेवर टोपी बसली, हातोडी बाहेर गेले. डॉक्टरांनी आत जाऊन दार लावलं, बासरी लावली, आणि बाईंना झोप लागायच्या आत बोलून मोकळं व्हायचं म्हणून घाईने म्हणाले, "मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

"मलाही," बाई जांभई आवरत म्हणाल्या. "तुम्ही आधी."

"छे छे, तुम्हीच आधी."

"ते डॉक्टर..." बाईंनी दाराकडे पाहिलं. "त्यांचं कुठे ठरलेलं वगैरे आहे का हो?"

बासरी वाजत होती. डॉक्टरांनी ती बंद केली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"पण त्यांनी तुम्हाला सुया टोचल्या!" ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा जरा वर गेला.

"हो ना! त्यांचं पाऊल वाजलं तरी धडधडायला लागतं. आधी वाटलं भीती आहे. मग शनिवारी बाजारात लांबून दिसले. हातात सुई नाही, यंत्र नाही, कोबी होता. तरी तसंच धडधडलं." बाई लाजून हसल्या. "आमच्याकडे पोरांचं हेच होतं. पहिल्या दिवशी खोल पाण्यात छाती उडत असताना ज्याचा हात हाताशी लागतो, त्याला ती वर्षभर सोडत नाहीत. काठावर टॉवेल घेऊन कोण उभं होतं, ते त्यांना आठवतही नाही."

डॉक्टरांच्या हातात गुलाबपाण्याचा रुमाल होता. त्यांनी तो हळूच खिशात कोंबला.

"आणि तुमच्याकडे कसं, इतकं शांत वाटतं!" बाई मनापासून म्हणाल्या. "माझे एक काका होते, त्यांच्याजवळ बसलं की असंच डोळे मिटायचे. बरं, तुम्ही काय म्हणत होतात?"

"हेच, की... दोन दिवस कडक काही चावू नका."

रात्री जेवताना ताई बरंच बोलली. डॉक्टरांना त्यातलं एवढंच पुरलं. "चौथ्या बुधवारी दाढ संपवली असतीस तर त्यांनी एकमेकांना ओळखसुद्धा दाखवली नसती. हात धरला तो पाचव्याला. ते दोन बुधवार तू पदरचे दिलेस."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून डॉक्टरांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच, कुणाला न लागणारं. त्या दोन बुधवारांबद्दल बाईंना सांगून टाकावं असं त्या दिवशी त्यांच्या फार मनात आलं. पण दोघं इतकी खुशीत होती, की क्षमा मागायला जागाच सापडेना.

तीन महिन्यांनी एका दुपारी दोघं दवाखान्यात आली. बाईंचा गाल सुजलेला.

"खालची डावीकडची," हातोडी म्हणाले. लग्नानंतर ते पुष्कळ बोलायला लागले होते. "मी नाही करणार बुवा. हिला दुखलेलं मला बघवत नाही, हात कापतो. तुम्हीच करा."

बाई खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी सुई भरली. ती दिसताच बाईंच्या चेहऱ्यावरचा, काकांजवळ बसल्यासारखा सगळा शांतपणा उडाला. त्यांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जसं वीस वर्षं सगळे पाहत आले होते, आणि शेजारी उभ्या नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"किती खेपा लागतील?" हातोडींनी विचारलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. या वेळी मुळाशी सूज होती, खरीखुरी.

"सहा," ते म्हणाले.

अशा रीतीने बाईंना नवरा मिळाला, हातोडींना बायको मिळाली आणि बोलायला तोंड मिळालं, ताईला जेवताना बोलायला एक विषय मिळाला. डॉक्टरांच्या वाट्याला खालची डावी दाढ आली, आणि तीही सुईसकट.