धबधब्याचा शिरा

प्रभाकाकूंनी विमानतळावरून घरी येतानाच जाहीर करून टाकलं, की जूनच्या पौर्णिमेला मुलाच्या एश्बॉर्नच्या घरात सत्यनारायण होणार आणि प्रसादाचा शिरा त्या स्वतः करणार. असा करणार, की इथून फ्रँकफर्टपर्यंतची मराठी माणसं आधीच्या शिऱ्याचं नाव काढणार नाहीत!

आधीचा शिरा म्हणजे विहीणबाईंचा. मालिनीबाई गेल्या वर्षी लेकीकडे राहून गेल्या, तेव्हा पूजेला शिरा त्यांनी केला होता. तेव्हापासून जो भेटेल तो तेच! शेजारच्या गल्लीतली शुभा पहिल्यांदा भेटली, तर वाकून नमस्कार करता करताच म्हणाली, "काकू, ईप्सिताच्या आईंचा शिरा काय झाला होता हो!" काकू हसल्या. हसताना दात एवढे आवळले होते की मधे सुपारी ठेवली असती तर भुगा झाला असता. घर आपल्या मुलाचं, देव्हाऱ्यातले देव आपल्या घराण्याचे, आणि गाजतोय कोण? विहीण!

शाळेशी काकूंचं तिसरीतच बिनसलं होतं. पण सैपाकघरात त्यांना शिकवणारा अजून जन्मायचा होता. नैवेद्य दाखवायच्या आधी आयुष्यात कधी जिभेला कण लावला नाही, आणि एकदाही चव चुकली नाही, हे त्या ओळखीच्यांना सांगत, अनोळख्यांना तर आधी सांगत.

"आमच्या ऑफिसातही हेच, आई," यशोधन जेवताना म्हणाला. तो सॉफ्टवेअर बनवायचा. म्हणजे नेमकं काय बनवायचा ते काकूंना अजून कळलं नव्हतं, पण त्याला कळत असावं असं त्या धरून चालत. "गिऱ्हाईकाला काय हवं ते आधी सगळं विचारून घ्यायचं. मग आराखडा. मग बांधायचं. चाचणी एकदम शेवटी. एक पायरी झाली की मागे फिरणं नाही. वॉटरफॉल म्हणतात. धबधबा!"

"धबधबा कशाला रे?"

"पाणी कधी परत वर चढतं का?"

काकूंना हे फार पटलं. "म्हणजे नैवेद्यच की! जर्मन लोक दिसतात तेवढे वाया गेलेले नाहीत."

सून ईप्सिता फ्रँकफर्टला बँकेत असंच काहीतरी काम करी. ती म्हणाली, "आमच्याकडे आता तसं नाही करत, आई. थोडं बनवायचं, गिऱ्हाईकाला दाखवायचं, चुकलं तर बदलायचं, मग पुढचं बनवायचं."

"म्हणजे उष्टं करत करत वाढायचं," काकू म्हणाल्या. विषय संपला.

"मग ठरलं!" यशोधनला आईनं ऑफिसची बाजू घेतल्याचा भारी आनंद झाला. "पूजा धबधब्यानंच करू. सांग, काय काय आणायचं? पण एकदाच सांग हं. मागाहून बदल चालणार नाही."

"रवा, तूप, दूध, केळी, साखर. सगळं सव्वाच्या मापात. आणि साखर दुकानातली सगळ्यात भारी आण. देवाला हलकी साखर नको."

"सगळ्यात भारी. गेनाऊ, अगदी बरोबर!" म्हणून तो गेला.

यशोधननं जन्मात साखर विकत आणली नव्हती. पण सांगितलेलं काम तो तंतोतंत करी, ही काकूंची शिकवण. दोन पिशव्या घेऊन आला. पिशव्यांवर लालबुंद स्ट्रॉबेऱ्यांचं चित्र. काकूंनी कौतुकानं पिशवीवर हात फिरवला. भारी साखरेचा नट्टापट्टाही भारी!

पूजेला शुभा आली, तिच्यासोबत आणखी पाचसहा जणी आल्या, त्यांचे नवरे आले. यशोधननं आपल्या साहेबांनाही बोलावलं होतं. ब्रिंकमानसाहेब मांडी घालून बसले, म्हणजे एक पाय पूजेकडे आणि एक गॅलरीकडे. आत काकूंनी तुपावर रवा असा भाजला, की वास जिन्यानं खाली जाऊन दरवाजा उघडून बाहेर गेला. केळी पडली, दूध पडलं. मग साखर पडली, आणि शिऱ्याचा चेहरा पालटला.

"आई, दूध फाटलं का हो?" ईप्सिता वाकून म्हणाली. "आंबूस वास येतोय. कणभर चाखून बघू?"

"नैवेद्याआधी? तुझ्या आईनं चाखला होता का गं?"

यावर कुठली सून काय बोलणार? हो म्हणावं तर माहेर बुडतं, नाही म्हणावं तर शिरा बुडतो. ईप्सितानं मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्ता बांधकाम चालू आहे," नवरा म्हणाला. "चाचणी आरतीनंतर."

काकूंनी झाकण ठेवलं.

एरवी विमानतळावर नोकरी करणारे विष्णुपंत पोथी वाचायला बसले. सावकाश वाचत. इतके सावकाश, की साधुवाण्याची बोट बुडायलाच अर्धा तास लागला. प्रसाद न घेता कलावती धावली, म्हणून नवऱ्यासकट बोट बुडाली! बायकांनी हात जोडले. ईप्सितानं साहेबांना हळूच जर्मनमधून समजावलं, की प्रसाद नाकारला तर फार वाईट होतं. साहेब सावरून बसले.

आरती झाली. नैवेद्य झाला. काकूंनी पदर खोचला, झाकण काढलं आणि डाव घातला. डाव आत गेला नाही. जोर लावून घातला, तर बाहेर येईना. ओढला, तर पातेलंच वर आलं!

"यशोधन," काकू शांतपणे म्हणाल्या, "पाव कापायची सुरी आण."

बाहेर जे गेलं ते चौकोनी होतं, चकचकीत होतं आणि ताटलीत टक्‌ असं वाजत होतं.

"अय्या, वड्या केल्यात काकू?" शुभा म्हणाली.

"आमच्याकडे वड्यांचाच प्रसाद असतो," काकू म्हणाल्या. देवासमोर खोटं बोलायची वेळ आली, तीही विहिणीपायी!

 बोट नुकतीच बुडाली होती, त्यामुळे प्रसाद टाकायची कुणाची छाती नव्हती. सगळे चावत होते. शुभाचे डोळे मिटले होते, भक्तीनं की आंबटानं ते कळायला मार्ग नव्हता. विष्णुपंतांनी वडी गालात सरकवली आणि ते गणपतीसारखे एका बाजूनं फुगून बसले. एकटे ब्रिंकमानसाहेब खुलले. "लेकर!" म्हणजे चविष्ट, असं म्हणाले आणि दुसरी घेतली. वर जर्मनमध्ये आणखी काहीतरी बोलले.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"म्हणतात, त्यांच्या आजीच्या जॅमची आठवण आली," यशोधन म्हणाला.

जॅम! ईप्सिता तडक कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि पिशवी वाचून परत आली. "अहो आई, ही मुरंबे-जॅम करायची साखर आहे! जॅम घट्ट व्हावा म्हणून यात पावडर असते, आणि आंबटही असतं."

"काय आणलंस रे मेल्या?"

"तू म्हणालीस सगळ्यात भारी. तिथं हीच सगळ्यात महाग होती!"

"म्हणून जॅमची आणायची?"

"जॅमची नको असं तू कुठं म्हणाली होतीस?"

साहेबांना कुतूहल, काय झालं? ईप्सितानं सांगितलं. साहेब आधी पोट धरून हसले. मग हळूहळू हसू ओसरलं आणि त्यांनी यशोधनकडे बघितलं.

"आपलं सॉफ्टवेअर," त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईकानं चाखलंय का?"

"नाही. चाचणी एकदम ऑगस्टात आहे," यशोधन म्हणाला.

साहेबांनी तिसरी वडी खाली ठेवली. सोमवारी सकाळी लवकर या, एवढंच म्हणाले.

पाहुणे पांगले. जाताना प्रत्येकानं "वेगळा झाला होता हं!" म्हटलं. काकूंनी दार लावलं आणि इतका वेळ टाळलेली आपल्या वाटची वडी तोंडात टाकली. प्रसाद तो प्रसाद. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून विहीणबाई!

"अभिनंदन हो प्रभाताई! शुभाचा फोन आला होता आत्ता. वड्या फार छान झाल्या म्हणे!" मालिनीबाईंच्या आवाजातून पाक ठिबकत होता. "ती म्हणत होती, तिकडे साखर धड मिळत नाही म्हणून. मी ऑक्टोबरात येतेच आहे, तुमच्यासाठी आणू का दोन किलो?"

याला उत्तर काकूंकडे होतं. असं होतं, की विहीणबाईंनी पुन्हा फोनला हात लावला नसता! त्या ते बोलायला गेल्या, पण तोंड उघडेना. वरचे दात खालच्या दातांना घट्ट चिकटले होते.

"अं," एवढंच बाहेर पडलं.

"हो ना? बरं बरं, आणते," मालिनीबाई म्हणाल्या.