घाटावरच्या गानोत्सवाची अवेळी भैरवी

श्री. सूर देणारा आणि सूर झेलणारा या दोघांचेही क्षेम असो, आणि मधे सतरंज्या घालणारा जो तिसरा, त्याचेही असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध त्रयोदशी, ते दिवशी नदीकाठच्या जुन्या नगरीत जो प्रकार घडला तो ऐकिला तैसा लिहिला आहे, पदरचे काही घातले नाही, आणि जेथे ऐकणारांत मतभेद पडला तेथे दोन्ही बाजू विचारून जी अधिक संभवनीय ती ठेविली आहे.

त्या राज्यात पूर्वापार रीत होती की माघात तीन दिवस घाटावर देवाचे गाणे व्हावे, आणि त्यास दार नसावे, तिकीट नसावे, वर आकाश आणि खाली पायऱ्या, ज्याला जेथे जागा सापडेल तेथे त्याने बसावे. आणि कोणत्याही देवाचे, कोणत्याही पंथाचे गाणे चालावे, मात्र गाणाऱ्याने देवासमोर बसल्याप्रमाणे बसावे. दुसरी रीत ऐसी की उत्सवाची समाप्ती भैरवीने व्हावी, आणि एकदा भैरवी गाईली म्हणजे पुढील उत्सवापर्यंत घाटावर कोणी सूर लावू नये. आणि तिसरी रीत ऐसी की जो राज्याचे धनी श्रीमंत यांच्या हातून विडा घेईल तो त्या उत्सवाचा कारभारी, भैरवी होईतोवर सुटका नाही.

हा विडा अंताजीपंत यांनी बहुत वर्षांमागे तरुणपणी हौसेने घेतला होता, आणि मग तो दर साली त्यांच्याकडेच येत गेला, कारण दुसरा कोणी हात पुढे करीना. पंतांचे गुडघे पायऱ्यांनी खाल्ले होते. गाणे ऐकावे तर निम्म्यात कोणी येऊन म्हणे की पाण्याचा टँकर उलट्या तोंडाने गल्लीत शिरला आहे, कोणी म्हणे की चपला गेल्या, कोणी म्हणे की मुताऱ्यांची किल्ली कोणाकडे, आणि मानकरी मंडळी म्हणत की आम्ही पायरीवर बसावे की काय, आम्हास सोफे पाहिजेत. मग पुढे सोफे मांडावे लागत, आणि त्या सोफ्यांमागे बसलेली गावोगावची माणसे माना वाकड्या करून गाणे पाहात. पंत या सर्वांस 'पाहतो' म्हणत आणि खरेच पाहात, आणि त्याचा शीण त्यांच्या डोळ्यांखाली उतरला होता. या साली विडा घेताना त्यांनी श्रीमंतांस हात जोडून विनंती केली की आता पुरे करावे. श्रीमंत म्हणाले, उत्सव तक्रारीवाचून भैरवीपर्यंत न्या, भैरवी झाली की तुम्ही मोकळे. पंतांनी तेवढे शब्द घट्ट धरून ठेविले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी या साली मनावर घेतली होती. घाटाच्या वरच्या अंगास देवीचे लहान ठाणे आहे, तेथील गुरवीण सगुणाबाई, हिजजवळ आईकडून आलेली पदे होती, पहाटे ठाणे झाडताना म्हणावयाची, दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती. बाई दर साली येऊन उत्सवात पाळी मागे, आणि दर साली कोण्या मानकऱ्याचा भाचा किंवा भाच्याचा गुरू मधे शिरे, आणि पंत बाईंस म्हणत, "पुढल्या साली नक्की." बाई 'बरं' म्हणून परत जात. पण या साली बाईंच्या गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरांनी उत्सवानंतरचा सोमवार शस्त्रक्रियेस नेमून दिला, आणि आवाज राहील की जाईल ते उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही असे स्पष्ट सांगितले. हे कळल्यावर पंतांनी दोन मानकऱ्यांचा रोष पत्करून तिसऱ्या दिवशीची सकाळ बाईंस दिली: आधी बाईंची पदे, मग नगरीतले सर्वांत वृद्ध गवई विसोबाबुवा यांची भैरवी, आणि समाप्ती.

ऐसे ठरले असता दुसरे दिवशी सूर्यास्ताचे सुमारास बुवा आपल्या संध्याकाळच्या पाळीचे गावयास बसले. दिवसभर ऊन होते तेव्हा तंबोऱ्याच्या तारा सैल पडून सूर उतरत होता, आणि नदीवरून गारवा येताच त्याच तारा आखडून सूर चढू लागला, त्यामुळे मागे बसलेल्या शिष्यांचा हात खुंट्यांवरून निघत नव्हता. बुवांनी संध्याकाळचा राग आळविला, चांगला आळविला, आणि मग क्षणभर थांबून समोरच्या पाण्याकडे पाहिले, आणि पुढचा सूर जो लाविला तो भैरवीचा होता. शिष्य एकमेकांकडे पाहू लागले, पण गुरू गात असता कोण टोकणार? बुवा डोळे मिटून गात राहिले, आणि लोक प्रथम चकित झाले, मग ऐकता ऐकता मऊ झाले, आणि भैरवी संपली तेव्हा जन्माची सवय असल्यामुळे सगळा घाट हात जोडून उठला. बायांनी मुलांस कडेवर घेतले, माणसे चपला शोधू लागली, सतरंजीवाल्यांनी सतरंज्या गुंडाळल्या, कर्ण्यांच्या तारा गोळा झाल्या, सोफेवाल्याने टेम्पो मागे लाविला आणि सोफे चढविले, आणि गावोगावची मंडळी एसटी गाठावयास निघाली. अंताजीपंत कडेला उभे होते, त्यांचेही हात जोडले गेले, आणि छातीतला भार एकदम उतरल्यासारखे झाले. आणि मग त्यांस आठवले की आज दुसराच दिवस आहे.

पंत बुवांपाशी गेले, खाली बसले, आणि हळूच विचारिले की बुवा, हे काय केलेत. बुवा घाम पुसत होते. ते म्हणाले, "अंताजी, थकलो रे. मला उठायचं होतं. भैरवी घेतल्याशिवाय उठायची सवयच नाही, काय करू?" मग त्यांनी विचारिले, "फार घोटाळा झाला का?" पंतांनी सांगितले की नाही, फार नाही, आणि बुवांस हाताला धरून पायऱ्या चढवून नेले.

वर कचेरीत तोवर श्रीमंतांपुढे गर्दी जमली होती. ज्या मानकऱ्यांचे भाचे वगळले गेले होते ते म्हणू लागले की पंतांच्या हलगर्जीने राज्याची शोभा झाली. त्यांपैकी एकाने मत दिले की भैरवी सकाळची, ती सायंकाळी गाईली, सबब धरू नये. नीळकंठशास्त्री, जे रीतिरिवाजांचे जाणते, ते म्हणाले की समाप्तीच्या भैरवीस वेळेचे बंधन नाही, ती गाईली तेथे समाप्ती. दुसऱ्याने सुचविले की ध्वनिमुद्रण आहे त्यातून तेवढा तुकडा पुसावा, म्हणजे झाली असे म्हणावयास आधार राहणार नाही. शास्त्री म्हणाले, "आणि पाच गावच्या एसट्या भरून गेली ती माणसं? तीही पुसता काय?" तिसरा म्हणाला की मुळात बुवांनी जे गाईले ते भैरवी होते कशावरून, आणि त्यास विचारले असता त्याने कबूल केले की त्या वेळी तो सोफ्यावर बसून फोनवर बोलत होता. शेवटी श्रीमंत पंतांस म्हणाले, "पंत, तुम्ही तिथे उभे होता. भैरवी झाली की नाही, एवढेच सांगा."

येथे पंतांनी 'झाली' म्हणावे तर उत्सव पुरा, आणि ते त्याच क्षणी मोकळे. 'नाही' म्हणावे तर खोटे, आणि उद्या घाटावर जो बसेल त्याने रीत मोडली असे लोक म्हणणार, आणि बुवांचे नाव त्यात ओढले जाणार. पंतांनी विचार केला नाही, कारण विचार करण्याची ताकद उरली नव्हती. त्यांनी जे पाहिले ते सांगितले. "झाली. लोक आपण होऊन उठले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, माझेसुद्धा हात जोडले गेले. न झालेल्या भैरवीला कोणी असं उठत नाही."

श्रीमंतांनी मान हालविली आणि म्हटले की मग उत्सव समाप्त, आणि शब्द दिल्याप्रमाणे पंतही मोकळे. मंडळी उठू लागली. पंतांस घरची खाट दिसू लागली, आणि ते दाराकडे वळले तो दारात सगुणाबाई उभी. गळ्याभोवती शालीचा वेढा, हातात उद्यासाठी धुऊन आणलेली टाळांची जोडी. बाईंनी आत काय बोलणे झाले ते ऐकिले होते. रडे नाही, ओरड नाही, त्या केवळ इतके म्हणाल्या, "पंत, मग आमचं कसं?"

पंतांच्या तोंडी सवयीने ते शब्द आले, 'पुढल्या साली', जे ते बाईंस इतकी वर्षे सांगत आले होते, आणि 'पुढल्या' एवढे निघालेही. मग त्यांची नजर शालीच्या वेढ्यावर गेली आणि वाक्य तोंडातच अडकले. मग पंत वळून श्रीमंतांस म्हणाले, "महाराज, पुढल्या सालचा उत्सव उद्या सकाळी करू."

प्रथम हशा झाला. श्रीमंत हसले नाहीत, त्यांनी शास्त्र्यांकडे पाहिले. शास्त्री म्हणाले की रीत इतकीच सांगते की भैरवीनंतर पुढील उत्सवापर्यंत सूर लावू नये. पुढील उत्सव किती दिवसांनी धरावा हे रीतीत नाही, माघ असावा इतकेच आहे, आणि उद्या माघच आहे. "तीन दिवसांचं काय?" असे एकाने विचारिले, त्यावर शास्त्री म्हणाले की प्लेगच्या साली एकाच दिवसात आटोपल्याचे त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. मग श्रीमंतांनी विड्याचे तबक आणविले आणि विचारिले की नव्या उत्सवाचा कारभार कोण घेतो. तेव्हा ज्या मानकऱ्यांस पंतांची हलगर्जी दिसली होती त्यांपैकी एकास मेहुणीचे लग्न आठवले, एकाचा रक्तदाब वाढला, आणि एक छताचे पंखे पाहू लागला. पंतांनी या सर्वांकडे पाहिले. मग त्यांचा स्वतःचा हात तबकाकडे जाऊ लागला, आणि तो कोण्या दुसऱ्याचा हात असावा तसे ते त्याकडे पाहात राहिले, आणि विडा उचलला गेला. बाई म्हणाल्या, "पंत, तुम्ही थकला आहात." पंत म्हणाले, "थकलोय खरा. सकाळी लवकर या, तारा जोडायला वेळ लागतो."

रिक्षावर कर्णा बांधून नगरीत दवंडी फिरविली की उद्या पुढील सालचा उत्सव आहे, आणि ज्यांनी ऐकिले त्यांनी रिक्षा थांबवून पुन्हा ऐकिले. सकाळी माणसे आली, आदल्या दिवसापेक्षा कमी. किती कमी हे सांगता येत नाही, कारण मोजणारे कोणी नव्हते, नंतर सांगणारे मात्र पुष्कळ निघाले. सोफे परत गेले होते, सबब श्रीमंत पायरीवर बसले, शेजारी मासे विकणाऱ्या दोन बाया होत्या त्यांनी टोपल्या सरकवून जागा दिली. बुवाही येऊन बसले. सगुणाबाई पाण्याकडे तोंड करून बसल्या आणि आईची पदे गाऊ लागल्या. आवाज मोठा नव्हता, वरच्या सुरास तो मधेच कापला जाई, तेव्हा बाई तेथे टाळ वाजवून तेवढी जागा भरून काढीत आणि पुढे जात. ज्यांस गाण्यातले कळत होते ते म्हणाले की असा विस्तार कोठे ऐकिला नाही. ज्यांस कळत नव्हते त्यांतली कैक माणसे अंगण झाडताना आपली आई काय म्हणत असे ते आठवू पाहात होती. पंत तारांपाशी उभे होते. दोन वेळा टँकरचा निरोप आला, दोन्ही वेळा त्यांनी 'पाहतो' म्हटले आणि गेले नाहीत, हे प्रथमच.

ऊन पायऱ्यांवर आले तेव्हा शेवटचे पद झाले आणि बाई थांबल्या. थांबून टाळ मांडीवर ठेविले. लोक बसूनच राहिले, कारण भैरवी झाली नव्हती. पंत जवळ जाऊन हळू म्हणाले, "बाई, समाप्ती करता ना?" बाई म्हणाल्या, "ती येत नाही मला. झाडून झालं की आईचं गाणं थांबायचं. समाप्ती अशी नव्हतीच त्याला."

तेव्हा बुवांनी घसा साफ केला. ते पंतांकडे पाहात होते, आणि पंतांनी नुसती मान हालविली असती तरी त्यांनी बसल्या जागी भैरवी लाविली असती, आणि घाट उठला असता, आणि पंत मोकळे झाले असते. शास्त्रीही पाहात होते, श्रीमंतही. पंतांनी बाईंकडे पाहिले. बाई पाण्याकडे पाहात होत्या, आणि पायऱ्यांवर सगळीकडे ती पदे अजून निवली नव्हती. यावर बुवांची भैरवी घातली तर लोक घरी जाताना बुवांस घेऊन जातील, बाई येथेच राहतील, हे पंतांस इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी मान हालविली नाही. ते एका पायरीवर गुडघे धरून खाली बसले. शास्त्री वाकून म्हणाले, "पंत, भैरवी नाही तर तुम्ही सुटत नाही, लक्षात आहे ना?" पंत म्हणाले, "आहे. बसा जरा."

मग कोणी न सांगता लोक थोड्या वेळाने एकेक करून उठले, आपापल्या कामास गेले, हात मात्र कोणी जोडले नाहीत. सोमवारी बाईंची शस्त्रक्रिया झाली, जीव राहिला, आवाज राहिला नाही.

एवंच, तो उत्सव रीतीप्रमाणे आजमितीस चालू आहे असे शास्त्र्यांचे मत आहे, आणि त्यास कोणी खोडून काढले नाही. त्यामुळे घाटावर कोणीही कधीही येऊन गाऊ शकतो, आणि येतात. आणि अंताजीपंत, गुडघे धरीत, त्यांस सतरंजी घालून देतात.