दोन ऑरेस्ट, एक गुडघा

फुटबॉलच्या ज्या समितीने खेळाडूंच्या नोंदणीचा तो फॉर्म छापला, तिच्यातल्या एकानेही आयुष्यात कधी समोरून पळत येणारा शंभर किलोचा माणूस अंगावर घेतलेला नाही. हा आरोप आहे आणि तो मागे घेतला जाणार नाही. घेतला असता, तर बचावाच्या गड्यांसाठी ‘लाइनबॅकर’ आणि ‘डिफेन्सिव्ह बॅक’ असे दोनच चौकोन छापून त्यांनी हात झटकले नसते. लाइनबॅकर मधल्या फळीत उभा राहतो आणि चेंडू घेऊन घुसणाऱ्याला छातीवर घेतो. बॅक मागच्या फळीत राहतो, उलट्या पावली पळतो आणि हवेतून येणाऱ्या चेंडूवर डोळा ठेवतो. इथवर ठीक. पण आमचा कॅनडाचा फुटबॉल लाथेचा कमी आणि धडकेचा जास्त, आणि त्याचं मैदान म्हणजे गुरं चरायला सोडावीत एवढं रुंद. त्याच्या मोकळ्या बाजूला एक गडी असा लागतोच, जो अर्धा हा आणि अर्धा तो असतो. टोबर्मन गावात गेली एकवीस वर्षं हा गडी म्हणजे ऑरेस्ट ह्लाडकी.

ऑगस्टातल्या एका सकाळी फॉर्म भरायला बसली त्याची बायको मार्लीन. ती शाळेची बस चालवते आणि मागे न बघता चाळीस पोरं गप्प करते. ऑरेस्ट तेव्हा अंगणात कापणीयंत्राच्या पोटाखाली उताणा पडला होता, बाहेर फक्त बूट दिसत होते. मार्लीनने खिडकीतून ओरडून विचारलं, कुठल्या चौकोनात खूण करू. बुटांच्या बाजूने उत्तर आलं की मी दोन्ही कामं करतो, दोन्हीत कर. बाई खरेपणाने वागली. तिने दोन्हीत केली.

समितीच्या संगणकाला एका माणसाला एकच चौकोन असतो एवढंच शिकवलेलं. त्याने सरळ दोन माणसं केली. दहा दिवसांनी पाकिटातून दोन ओळखपत्रं निघाली. नाव तेच, चौतीस नंबर तोच, फोटोतला मख्ख चेहराही तोच. एकावर लाइनबॅकर, दुसऱ्यावर बॅक. मार्लीनने दोन्ही फ्रिजवर लावली आणि म्हणाली, “चाळिशीत जुळं झालं बघ.”

प्रशिक्षक गार्नेट शेलला मात्र हसू आलं नाही. गार्नेटचं टायरचं दुकान आहे, आणि फुगलेली गोष्ट पुढे कुठे फुटते हे त्याला धंद्यातून माहीत आहे. आमचा खेळ बारा गड्यांचा. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रांताच्या मोठ्या संघाने नको त्या क्षणी तेरावा माणूस मैदानात ठेवला आणि हातात आलेला चषक घालवला. तेव्हापासून सस्कॅचेवानमध्ये लोक जेवायला पाहुणे बोलावतानाही मोजून बाराच बोलावतात. गार्नेटने समितीच्या सचिवाला फोन लावला आणि विचारलं, की ऑरेस्ट मैदानात उतरला तर तुम्ही एक मोजणार की दोन. सचिव म्हणाले, तो ज्या जागी उभा असेल तो मोजू. मग नाव दुरुस्त करा, असं गार्नेट म्हणाला. दुरुस्तीची मुदत गेल्या शुक्रवारी संपली होती. ओळखपत्रं आली होती सोमवारी. वर यादीत बेचाळीसच नावं चालतात, त्यातल्या दोन जागा ऑरेस्टने अडवलेल्या. म्हणून एका हाडामांसाच्या माणसाचं नाव कापावं लागलं. तो बिचारा बर्फावर दगड घसरवायला, म्हणजे कर्लिंग खेळायला गेला.

तरीही हंगाम बरा गेला. बरा म्हणजे एवढा, की टोबर्मन उपांत्य फेरीत पोचलं. तिथे ऑरेस्टने एकाला जरा उशिरा आडवा केला. शिट्टी वाजून गेली होती, पण शंभर किलोची गाडी शिट्टीवर थांबत नाही. संघ जिंकला आणि मंगळवारी समितीचं पत्र आलं: ‘ऑरेस्ट ह्लाडकी, लाइनबॅकर, एका सामन्यासाठी निलंबित.’

तो एक सामना म्हणजे अंतिम सामना. तोही टोबर्मनच्या मैदानावर, शेजारच्या केसिक गावाविरुद्ध. एकवीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं आणि ऑरेस्टसाठी पुन्हा घडणारही नव्हतं. नोव्हेंबरात त्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि यापुढे खेळलास तर जिना बसून उतरावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं. पत्र वाचून ऑरेस्ट सोफ्यावर बसला, गोठलेल्या पेरोगींची, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांची, पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि त्या वितळून लगदा झाल्या तरी उठला नाही. मार्लीनने रात्री त्याच लगद्याचं सूप केलं. तेही तो मुकाट्याने प्यायला, तेव्हा ती घाबरली आणि तिने गार्नेटला बोलावून घेतलं.

गार्नेटने पत्र दोनदा वाचलं, मग फ्रिजकडे पाहिलं.

“यांनी लाइनबॅकरला घरी बसवलंय,” तो म्हणाला. “बॅकने काय गुन्हा केलाय?”

सचिवांना पुन्हा फोन गेला. पलीकडे बराच वेळ कागद वाजत राहिले. मग कबूल करावंच लागलं, की ऑरेस्ट ह्लाडकी, बॅक, याची वर्तणूक निष्कलंक आहे, तो खेळू शकतो. मात्र त्याने लाइनबॅकरचं काम करता कामा नये. आता ते काम कुठून सुरू होतं? त्यावर समितीची तातडीची बैठक बसली. साडेतीन तासांनी ठरलं: सात यार्ड. चेंडू हलतो त्या क्षणी जो त्यापासून सात यार्डांच्या आत, तो लाइनबॅकर. इंच न इंच लढवणाऱ्या आमच्या खेळाचा निकाल असा सहा माणसांनी कॉफी पीत लावला, ज्यांच्यातल्या एकाचाही गुडघा कधी सुजला नव्हता.

शनिवारी गवतावर दहिवर गोठलं होतं आणि अख्खं गाव लोटलं होतं. केसिकचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन डाव रचणारा, होता वेंडेल. वेंडेल मार्लीनचा सख्खा भाऊ. त्याला सात यार्डांची बातमी कोणी दिली, हे मार्लीनच्या आईला विचारा. पहिल्या डावापासून तो ऑरेस्टच्या समोरच्या मोकळ्या जागेत अलगद चेंडू टाकू लागला. पाच यार्ड, सहा यार्ड, पुन्हा पाच. त्यात आमच्या खेळात समोरचे गडी चेंडू सुटायच्या आधीच धावत यायला मोकळे. ते धावत आले, की पाठीमागे निसटू नयेत म्हणून ऑरेस्ट आणखी मागे सरकायचा. पंच खेळाकडे बघतच नव्हता, तो ऑरेस्टच्या बुटांकडे बघत होता.

“दाजी, अजून मागे सरका,” वेंडेल ओरडून म्हणाला. “गाड्या लावल्यात तिथे भरपूर जागा आहे.”

ऑरेस्टने ऐकून घेतलं. मैदानात मेहुण्याला उत्तर दिलं, तर ते नाताळच्या जेवणापर्यंत पुरतं.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा टोबर्मन चोवीस, केसिक वीस. केसिकचा चेंडू आमच्या गोलरेषेपासून पाच यार्डांवर. आमच्याकडे प्रयत्न तीनच मिळतात, त्यातले दोन झालेले. लाथ मारून तीन गुण मिळाले असते, ते पुरणार नव्हते. रेषेपलीकडे चेंडू नेऊन सहा गुण घेणं, हाच त्यांचा मार्ग. आता सात यार्डांचं गणित करा. ऑरेस्टला रेषेच्या दोन यार्ड मागे, स्वतःच्याच गोलक्षेत्रात उभं राहावं लागलं. चेंडू हलला. वेंडेलने कोणालाच दिला नाही, बगलेत दाबला आणि स्वतःच घुसला. नियम उभं राहण्याचा होता, पळण्याचा नव्हता. ऑरेस्ट त्या गुडघ्यानिशी तीन पावलं पुढे गेला आणि मेहुण्याला रेषा गाठायच्या एक यार्ड आधी छातीवर घेतलं. दोघे आडवे झाले. चेंडू वेंडेलच्या बगलेतच राहिला, रेषा त्याच्या नाकासमोर.

“दाजी,” खालून वेंडेल म्हणाला, “हे काम बॅकचं नाही.”

“तक्रार कर,” ऑरेस्ट म्हणाला. “आधी मला उठव. गुडघा गेला.”

केसिकने खरंच तक्रार केली. चषक बुधवारपर्यंत पोस्टाच्या तिजोरीत ठेवला गेला. बुधवारी निकाल लागला: चेंडू हलला तेव्हा ऑरेस्ट सात यार्डांवर होता, म्हणून अडवणारा बॅकच. लाइनबॅकर हा निराळा इसम असून त्याचा या सामन्याशी संबंध नाही. टोबर्मन विजयी. त्या रात्री गावात जी बिअर संपली, ती परत भरायला रजाईना शहरातून ट्रक मागवावा लागला.

ऑरेस्टने दुसऱ्या दिवशी निवृत्तीचं पत्र टाकलं. शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या निरोपाचं जेवण ठरलं, बायकांनी सहाशे कोबीचे रोल वळले आणि समितीच्या सचिवांनाही बोलावलं. ते आले आणि येताना उत्तर घेऊन आले. बॅकची निवृत्ती मंजूर होती. लाइनबॅकरची नामंजूर. कारण निलंबन भोगायचं तर खेळाडू मैदानाबाहेर हवा, आणि अंतिम सामन्याच्या फोटोत ऑरेस्ट ह्लाडकी मैदानात स्पष्ट दिसत होता. निलंबन बाकी असताना निवृत्त होता येत नाही. सबब पुढच्या हंगामात त्याने नाव नोंदवावं, सरावाला हजर राहावं आणि पहिल्या सामन्याला बाहेर बसावं. न आल्यास संघाचे दोन गुण कापले जातील.

म्हणजे चषक द्यायला माणसं दोन, आणि शिक्षा द्यायला एक.

गार्नेटने माइक हातात घेतला आणि भाषण जागच्या जागी बदललं. आज आपण मागच्या फळीतल्या ऑरेस्टला निरोप देतोय, मधल्या फळीतला ऑगस्टात भेटेल, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुबड्यांवर टेकलेल्या ऑरेस्टने मात्र वाजवल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑगस्टात सराव तर सोडाच, शेतातल्या बांधावरून उडी मारायलाही बंदी केली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. मार्लीन ताट बाजूला ठेवून उठली आणि सरळ सचिवांच्या टेबलापाशी गेली. सचिव चौथा रोल खात होते.

“साहेब, एकोणीस वर्षं माझ्या पलंगावर एकच माणूस घोरतोय,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. “तुमच्याकडे दुसरा असेल, तर त्याला उद्या सकाळी पाठवून द्या. दोन पायांवर चालत येऊ दे. अंगणात कंबरेएवढा बर्फ साचलाय, माझी बस निघत नाही. आणि नसेल, तर नाही असं आत्ता इथे लिहून द्या, खाली सही करा.”

तिने पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“आहे का दुसरा? घास गिळा आणि बोला.”