शुक्रवारची घरघर

घर्रर्र.

शुक्रवारच्या दुपारी सगळं घर निजलेलं असताना टीव्हीखालच्या कॉम्प्युटरने घसा खाकरला आणि प्राजक्ताने दात आवळले. मांडीवरची तान्ही भाविका नुकतीच डोळे मिटून पडली होती. पडद्यावर नायिका ओठ हलवत होती. काय बोलत होती, ते तिचं तिला ठाऊक.

घरामागच्या जागेत सासऱ्यांनी, म्हणजे पंढरीशेठनी, कापड विणायच्या लूमचे गाळे बांधून भाड्याने दिले होते. आठवडाभर त्यांची खटखट भिंतीतून, ताटवाट्यांतून, थेट दाढांतून चालू असे. थांबत असे ती फक्त शुक्रवारी, गावच्या सुट्टीच्या वारी. त्यामुळे सिनेमा ऐकू येण्याचा वार एकच. भाविका झाल्यापासून प्राजक्ता एकच सिनेमा बघत होती आणि तो काही संपत नव्हता. नायिका घरात एकटी असते, दिवे जातात आणि दारावर थाप पडते. कोण आलंय, हे कळायच्या आत दर वेळी काहीतरी होई. आवाज वाढवला तर पोर उठे, कमी ठेवला तर ही घरघर सगळे संवाद गिळून टाकी. हेडफोन तिने एकदाच लावले होते. त्या दिवशी भाविकाचं रडणं पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं, इथे ऐकू आलं नाही. कमळाबाई, तिच्या सासूबाई, ती हकिकत अजून पाहुण्यांना चहाबरोबर देत.

"अहो!" ती दबक्या आवाजात ओरडली.

दर्शन दचकून उठला. एरवी ती त्याला नावानेच हाक मारी. 'अहो' सासूबाईंसमोर, नाहीतर रागात. आणि सासूबाई तर आत घोरत होत्या.

"या पेटीचा गळा तुम्ही दाबता की मी दाबू?"

"कार्डाचा पंखा आहे गं तो. ग्राफिक्स कार्डाचा. बेअरिंग गेलंय."

दर्शन शेजारच्या पूर्णा गावातल्या एका गोदामाचं ऑफिस सांभाळी. तिथून भंगारात निघालेला हा कॉम्प्युटर त्याने घरी आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि टीव्हीला जोडला. तेव्हापासून त्या पेटीला कोणी नावं ठेवली की त्याला पोटच्या पोराला ठेवल्यासारखं लागे. "उद्या नवीन कार्ड आणतो. एकदम शांत."

"पंखाच नसलेलं आणा. आणि जरा जुनं मॉडेल बघा, लिनक्सने आधीपासून ओळखलेलं. मी सगळं वाचून ठेवलंय."

"तू सिनेमा बघ. हार्डवेअर माझ्यावर सोड."

सोडलं. आजही तिला त्या सोडण्याचा राग येतो.

शनिवारी तो नाक्यावरच्या कुणालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून दोन पंख्यांचं झगझगीत कार्ड घेऊन आला. "दुकानात चालवून बघितलं. कान लावून ऐकलं. आवाज शून्य!"

आठवडाभर घरादाराने कौतुक केलं. पंढरीशेठ तर कॉम्प्युटरपुढे वाकून म्हणाले, "मशिन असावी त अशी. चालू हाय का बंद, कलत न्हाय."

मग शुक्रवार आला. लूम थांबले, आणि कॉम्प्युटर चालू आहे हे सगळ्यांना कळलं. आधी एकच पंखा घरघरत होता, आता दोघे मिळून गात होते. सिनेमात दारावर थाप पडली असेल, पण ऐकू कोणाला येणार! प्राजक्ताला पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं झालं.

"दर्शन." तिचा आवाज फार गोड होता. "कुणालच्या दुकानामागे काय आहे?"

"काही नाही." त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे, लूमचा कारखाना आहे."

"आणि तो शनिवारी चालू होता."

"चालूच असतो की!"

"अहो, मग त्यात तुम्हाला पंखा ऐकू येणार होता?"

दर्शन म्हणजे जन्मापासून लूमच्या भिंतीला टेकून वाढलेला माणूस. ती खटखट आवाजात धरायची असते, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या लेखी तीच शांतता.

प्राजक्ताने पंख्यांजवळ फोन धरून ती घरघर चांगली भरपूर रेकॉर्ड केली. पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी भाविकाला कडेवर आणि कार्डाचा खोका काखेत घेऊन ती कुणालपुढे उभी राहिली.

"हे परत घ्या. आवाज करतंय."

कुणालने कार्ड लगेच जोडलं. मागे कारखाना धडाडत होता. "कुठाय आवाज, भाभी?"

"आत्ता नाही ऐकू येणार. हे ऐका." तिने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. कुणालने फोन कानाशी धरला, तोंड वाकडं केलं, मग दुसऱ्या कानाशी धरला.

"भाभी, ये तो लूमच चाललेत."

"लूम तुमच्या मागे चाललेत! शुक्रवारी घरी येऊन ऐका!"

"शुक्रवारी मी सासरवाडीला असतो ना, वज्रेश्वरीला."

प्राजक्ता एवढ्या मोठ्याने बोलली की मागे लूम असूनही रस्त्यावरची माणसं थांबली. शेवटी कुणाल हात जोडून म्हणाला, "अदलाबदल करतो, शांत व्हा. हे घ्या, बिनपंख्याचं. लेटेस्ट माल."

"लेटेस्ट नको. थोडं जुनं द्या."

कुणालने दर्शनला फोन लावला. फोनमधून दर्शन म्हणाला, "लेटेस्टच द्या." समोर कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईचं ऐकायचं की फोनमधल्या पुरुषाचं, हा प्रश्न कुणालला पडलासुद्धा नाही.

ते कार्ड खरंच मुकं होतं. पण इतकं नवीन, की दर्शनचं लिनक्स त्याला ओळखच देईना. टीव्हीतून आवाज येई, चित्राच्या जागी नुसता काळोख. पंढरीशेठ दोन्ही कानांमागे हात धरून बातम्या ऐकत बसले. "रेडिओ बी चांगला हाय," ते म्हणाले.

"म्हणजे शुक्रवारी मला थाप ऐकू येईल," प्राजक्ता म्हणाली, "आणि दार दिसणार नाही! अहो, हार्डवेअर तुमच्यावर सोडायचं होतं ना मी?"

सोमवारी ती पुन्हा कुणालकडे गेली. या वेळी भाविकाच्या थोरल्या भावाला, पाच वर्षांच्या भाविकलाही सोबत घेतलं, कारण तो मागेच लागला होता. कुणालने फोनकडे हात नेला, तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. तिला हवं ते कार्ड धुळीच्या खोक्यात तळाशी होतं. पंखा नाही, पाठीवर गरमी सोडायला नुसता ॲल्युमिनियमचा कंगवा.

"ये कोई नहीं लेता, भाभी."

"मी घेते."

"हे शांत आहे ना, आई?" भाविकने रिक्षात विचारलं.

"एकदम शांत," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

स्क्रू तिनेच पिळले. दर्शनने मुकाट्याने टॉर्च धरला. कॉम्प्युटर चालू झाला, चित्र लख्ख उमटलं.

मग तो शुक्रवार उजाडला. लूम थांबले. पेटी चालू होती आणि तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. नायिकेच्या बांगड्या किणकिणल्या त्या थेट प्राजक्ताच्या कानाशी. दिवे गेले. दारावर थाप पडली, हळू, स्पष्ट. नायिका उठली, तिने कडीला हात घातला...

मांडीवर भाविकाने डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जणू घरातून कोणी निघून गेलं होतं. आणि असा टाहो फोडला की कमळाबाई पदर सावरत धावत आल्या.

थोपटून झालं, पाजून झालं, झोळी झाली. पोर डोळे मिटी, कानोसा घेई आणि पुन्हा रडे.

"आगं बाय, तिला आवाज नको का?" कमळाबाई म्हणाल्या. "माजी समदी पोरं लूमवर निजली. ही आठवडाभर लूमवर निजते, आन शुक्रवारी तुज्या त्या डब्यावर. तो डबा आज बोलत का न्हाय?"

प्राजक्ताने दर्शनकडे पाहिलं. दर्शन छताकडे बघू लागला.

तिने सिनेमा बंद केला. कडीवरचा हात तसाच राहिला. दात आवळून तिने फोनमधला पुरावा कॉम्प्युटरवर घेतला आणि टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर लावला.

घर्रर्र.

भाविकाने एक उसासा टाकला, मूठ तोंडात घातली आणि झोपली. कमळाबाई आत जाऊन आडव्या झाल्या. दर्शनचीही मान कलली.

भाविक आईच्या गुडघ्याला टेकून बराच वेळ त्या पेटीकडे बघत होता.

"आई," तो कुजबुजला, "हा आवाज नको म्हणून आपण नवीन आणलं ना? मग आता त्यातनं तोच आवाज का काढतेस?"